खंडेनवमीचा आखूड हार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर आता त्यांतल्या बहुतेकांची सरमिसळ झाली आहे. पण पातूरच्या नाक्याची केस कोणी झोपेतून उठवून विचारली तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन. जर्मन-जपानची लढाई संपून थोडाच काळ झाला होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मी अकोल्याला ठाणेदार होतो. नाव कोणाचंच घेणार नाही. त्यांची लेकरंबाळं अजून तिकडेच नांदताहेत आणि मलाही अमरावतीत सुखाने म्हातारपण काढायचं आहे.

कंट्रोलचे दिवस होते. कापड, साखर, सगळं मोजून मिळायचं. वाशीमच्या पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. आपल्याकडचं कंट्रोलचं कापड तिकडे नेलं की दामदुप्पट भाव येई. म्हणून पातूरला, घाटाच्या पायथ्याशी, आडवा बांबू टाकून नाका बसवला होता. एके दिवशी दिवेलागणीच्या वेळी एक लहान मोटार दिवे न लावता आली, बांबू मोडून, नाक्यावरच्या शिपायाला उडवून घाट चढून गेली. शिपायाची मांडी मोडली, डोक्याला मार लागला. गाडीचा नंबर कोणी पाहिला नाही. पण आसपासच्या सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली. गाडी शिट्टी वाजवत गेली.

पातूर माझ्या हद्दीत नव्हतं. पण जखमी अकोल्याच्या दवाखान्यात आणला होता आणि शिट्टीची गाडी तर अख्ख्या अकोल्याला ठाऊक होती, म्हणून सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांनी तपास माझ्या गळ्यात घातला.

ती गाडी एका मुसलमान मिस्त्रीची. उंचापुरा, दाढीवाला, आणि आवाज असा की बोलायला लागला की बाजूच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवायचा. बढाया मारण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. पण बढाईला आधार होता. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा विमानात हवा कोंबायला एक पंप असतो. त्या जातीच्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात. असा एक पंप मिस्त्रीने लष्करी भंगाराच्या लिलावात उचलला होता आणि आपल्या इवल्याशा विलायती मोटारीच्या इंजिनाला जोडला होता. तो फिरवायला जिनिंग फॅक्टरीतला पट्टा, तिथल्याच लेथवर कातलेली चकती, आणि पंप बसवायला लोखंडी पट्टीची गोल कवळी. चुलीत फुंकणीने फुंकलं की विस्तव पेटतो, तसा हा पंप शिट्टीसारखा आवाज करत इंजिनात हवा आणि पेट्रोल कोंबायचा. पूर्वी त्या गाडीत चौघं बसले की चढावर एकाने उतरून ढकलावं लागे. फुंकणी बसवल्यावर तीच गाडी चौघांना घेऊन शिट्टी वाजवत बसगाडीला मागे टाकू लागली. अकोल्यात त्या यंत्राला फुंकणी हेच नाव पडलं होतं.

मी मिस्त्रीच्या दुकानी गेलो तर गाडी उभी होती, पुढचा पत्रा जुन्या पोच्यांनी इतका भरलेला की नवा पोचा ओळखू येईना. झाकण उघडलं, तर लोखंडी कवळी रिकामी.

"फुंकणी कुठे आहे?"

"चोरीले गेली, साहेब."

"कधी?"

"झाले दोन-तीन हप्ते."

"मग ठाण्यात फिर्याद का नाही दिली?"

तो छाती काढून म्हणाला, "काहून देऊ? चोरून करनार काय कोनी? ते बसवाची अक्कल या मुलखात माह्याशिवाय कोनाले हाय? चोर झक मारून वापस आनून देईन, म्हनलं."

मी कपाळाला हात लावला. आपल्याच तोंडाने आपल्या गळ्यात दोर अडकवणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो. शिट्टीची गाडी एकच, ती बनवणारा हा, दुसऱ्या कोणाला ती बसवता येत नाही असं हाच म्हणतो, त्या संध्याकाळी दुकानात एकटाच होतो म्हणतो, त्याला साक्षीदार नाही, आणि पंप मात्र गायब. सरळ अर्थ असा निघत होता की पुरावा नको म्हणून यानेच काढून लपवला. मी त्याला अटक केली, गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात आणली. गावात हिंदू-मुसलमानांची हवा आधीच बिघडलेली होती. 'मिस्त्रीच तो, दुसरं कोण असणार' असं म्हणायला लोकांना फार वेळ लागला नाही, आणि त्याच्याकडे दुरुस्तीला दिलेल्या गाड्या गिऱ्हाइकांनी ढकलत परत नेल्या.

त्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला की शिपायाचं काही खरं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांना घेऊन मी गेलो आणि त्याची मृत्युपूर्व जबानी झाली. क्षीण आवाजात पण स्पष्ट शब्दांत तो म्हणाला की गाडी मिस्त्रीच हाकत होता, मी पाहिला. एवढं बोलून त्याची शुद्ध गेली. कायदा जाणणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मरणाऱ्या माणसाच्या जबानीला कोर्टात फार मान असतो. शिपाई मेला असता तर मिस्त्री फासावर नाहीतर जन्मठेपेवर गेला असता.

माझ्या हाताखालचा जमादार हिवरखेडकडचा, जुना, मुरलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, हा मिस्त्री फेकते लय, पन चोरून काई कराची त्याले सवय नाई. यानं कापड पोचवलं असतं तं आतालोक चार हाटेलात सांगून मोकया झाला असता."

मलाही ते पटत होतं. मी मिस्त्रीला पुन्हा समोर बसवलं. दम दिला नाही. मी एवढंच म्हणालो, "तू म्हणतोस तुझ्याशिवाय ती कोणाला बसवता येत नाही. हेच मी कोर्टात लिहून दिलं तर तू लटकशील. आता गर्व बाजूला ठेव आणि सांग. तू बसवत होतास तेव्हा दुकानात कोण बसून असायचं?"

तो दाढी खाजवत आठवू लागला. बढाईचा सूर पहिल्यांदाच खाली आला. मग म्हणाला, "शेठचा डायवर येत जाय. पान आने, गोष्टी करे. शेठचीबी गाडी अशीच हाय, माह्या गाडीची बहीन." मग एकदम उसळला, "पन त्यानं बसवली असंन तं इंजन मारलं असंन, साहेब! इंजनच्या डोक्याखाली तांब्याचा जाड पत्रा टाका लागते. नाईतं आतून ठोके पडते."

मी म्हणालो, "तुझी फुंकणी ओळखायची कशी? खूण सांग."

"झाकनाले तडा होता. म्या पितयेनं जोडला. पोटाशी, खालून. दिसत नाई, बोट फिरवलं का लागते."

हे सगळं त्याच्या जबाबात घेतलं, वर तारीख-वेळ घातली. पोलिसात नव्याने आलेल्यांना इथे थांबून सांगतो. माल सापडल्यावर सांगितलेली खूण फुकटची, माल सापडण्याआधी नोंदवलेली खूण लाखमोलाची.

शेठ म्हणजे जिनिंग फॅक्टरीचा मालक. ट्रक होते, वजन होतं, अधिकाऱ्यांत ऊठबस होती. पेट्रोलच्या कुपनांचं निमित्त काढून मी त्याची लहान गाडी पाहिली. इंजिन साधंच होतं, फुंकणीचा पत्ता नाही. मात्र सगळं इंजिन तेलामातीने काळं आणि डोक्यावरचे नट तेवढे नव्यासारखे लखलखीत. "वाल घासले जी," शेठ हसून म्हणाला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला डोकं खोललं होतं, आणि वर चहा पाजला. नट चमकतात म्हणून कोणाला कोठडीत घालता येत नाही. मी चहा पिऊन परत आलो.

मधल्या काळात नवरात्र लागलं. खंडेनवमीला ठाण्यात हत्यारांची पूजा असते, त्यासाठी आदल्या दिवशी झेंडूचे हार सांगायला जमादार बाजारात गेला आणि परतला तो वेगळीच बातमी घेऊन. हार विकणारी माळीण त्याच्याजवळ कुरकुरली होती की ठाण्याचे हार उशिरा मिळतील, शेठचं काम मोठं आहे. जिनाच्या यंत्रांना, ट्रकना, मोटारीला, तराजूला. "अन वरून डायवरनं सुताचं माप देल्लं," ती म्हणाली होती. "म्हने एक हार बराबर येवढाच पायजे. आता सांगा, मोटारीले लांब हार लागते, तराजूले लांब लागते. हा इल्लूसा कोनाच्या गयात घालते बाप्पा?"

मी ताडकन उठलो. "जमादार, त्याच मापाचा दुसरा हार घेऊन या."

त्याने आणला. आम्ही आवारात मिस्त्रीच्या गाडीचं झाकण उघडलं आणि रिकाम्या लोखंडी कवळीच्या आतून तो हार फिरवला. बोटभरही कमी नाही की जास्त नाही. आमच्या मुलखात ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा खंडेनवमीला चुकवत नाहीत. शेतकरी विळा-कुदळ मांडतो, न्हावी वस्तरा मांडतो, आम्ही बंदुका मांडतो. चोरीचा माल का असेना, घरात लक्ष्मी आणणाऱ्या वस्तूला फूल वाहिल्याशिवाय शेठला चैन पडणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

वॉरंट घेऊन आदल्याच दिवशी छापा घालता आला असता. पण फॅक्टरी केवढी! कापसाचे ढीग, गठाणी, गोदामं. एकदा शोधून सापडलं नाही की पुढच्या वेळी विहिरीत गेलं असतं. मी ठरवलं की वस्तू कुठे आहे ते शेठनेच दाखवावं.

शेठचं पूजेचं आमंत्रण ठाणेदाराला दरवर्षी असायचंच. खंडेनवमीच्या सकाळी ठाण्यातली पूजा उरकून मी साध्या कपड्यांत गेलो. जमादार दोन पंचांना घेऊन फाटकाबाहेर थांबला. शेठने यंत्रांना हळद-कुंकू वाहिलं, ट्रकपुढे नारळ फोडला, मोटारीला ओवाळलं, तराजूला ओवाळलं. मला प्रसाद दिला. मग "आलोच साहेब" म्हणून ताट घेऊन एकटाच सरकीच्या गोदामात शिरला. जाताना ताटात एक लहान हार होता, येताना नव्हता.

मी फाटकाकडे पाहून रुमाल काढला. जमादार आत आला, मी त्याच्या कानात सांगितलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

"सरकीच्या ढिगाले कोन आरती ओवायते काजी?"

"तेच आपण शेठजींना विचारू," मी म्हणालो आणि शेठकडे वळलो. "आतल्या देवाचं दर्शन आम्हालाही होऊ द्या."

गोदामात, ढिगाच्या मागे, धुतलेल्या पोत्यावर फुंकणी ठेवली होती. कुंकू लावलेली, हार घातलेली, पुढे उदबत्ती अजून जळत होती. पंचांसमोर मी खालून बोट फिरवलं. पितळेचा सांधा बोटाला लागला. जागेवरच पंचनामा केला.

ड्रायव्हर तासाभरात फुटला. फुंकणी त्यानेच चोरली होती आणि शेठच्या गाडीला बसवलीही होती. पहिल्यांदा इंजिन ठोकायला लागलं तेव्हा मिस्त्रीच्या दुकानात पाहिलेला तांब्याचा पत्रा त्याला आठवला आणि त्याने डोकं पुन्हा खोललं. नाक्यावर गाडी तोच हाकत होता, शेजारी कापडाचे तागे. परत आल्यावर त्याच रात्री फुंकणी काढून गोदामात लपवली होती. मी शेठला विचारलं, "एवढा शहाणा माणूस तुम्ही. गुन्हा झाला त्याच दिवशी ही विहिरीत का नाही टाकली?"

तो मान खाली घालून म्हणाला, "लक्ष्मी हाय ते, साहेब. विहिरीत कसी टाकू? अन सनाच्या दिवशी तिले बिनपूजेची कसी ठेवू?" तो ढोंग करत नव्हता. चोरी करताना त्याचा हात कापला नाही, पण पूजा चुकवायला कापला असता.

राहिली ती जबानी. शिपाई त्याच सुमारास हळूहळू शुद्धीवर आला होता. मी खाटेजवळ बसून विचारलं, "मिस्त्रीचा चेहरा कसा दिसला तुला?"

तो विचारात पडला. "अंधारलं होतं जी. धूय होती. पन शिट्टी आयकली न मी. मंग मिस्त्रीच तं असनार."

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. ऐकलं कानाने आणि बाकीचं मनाने भरून काढलं, आणि मरणाच्या दारात सांगताना त्याला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखंच वाटलं. तेव्हापासून कितीही भला साक्षीदार असो, काय पाहिलंस आणि काय ऐकलंस हे मी वेगवेगळं विचारू लागलो. खोटारड्या साक्षीदाराला तपासणं सोपं असतं. प्रामाणिक साक्षीदाराला उलटसुलट विचारायला पोलिसाला लाज वाटते, आणि माझ्या अनुभवात निरपराध माणसं त्या लाजेपायीच अडकतात.

दुसऱ्या दिवशी दसरा, कचेरी बंद. मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन मी सुटकेचा हुकूम घेतला आणि मिस्त्रीला कोठडीबाहेर काढलं. मला वाटलं आता अर्धा तास बढाई ऐकावी लागणार. पण त्याने हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, तो शिपाई मेला असता तं?"

खोटा धीर देणं मला जमलं नाही. "तर कठीण होतं," मी म्हणालो.

तो घरी गेला नाही. वाटेत आपट्याची फांदी घेतली आणि माझ्याबरोबर सरळ दवाखान्यात आला. त्याला दारात बघून शिपाई खाटेवर आक्रसला, उठायची धडपड करू लागला.

"माफ कर गा मिस्त्री. मी तुह्या जिवावर उठलो होतो."

मिस्त्रीने त्याच्या खांद्याला धरून त्याला अलगद आडवं केलं. त्याच्या मुठीत आपट्याची पानं दिली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"पडून राह्य, भाऊ," तो म्हणाला. "तू जगला म्हनून मी जगलो."