दोष पेशीचा की शेजाराचा

मी उंदरांना थरथरताना बघते आणि त्याचे मला पैसे मिळतात. आमच्या गावी, वडशात, हे कोणाला पटत नाही. तिथे उंदीर तांदळाच्या गोदामात असतात आणि लोक त्यांना मारायच्या मागे असतात. "इतकी शिकून शेवटी उंदरंच पाळून राह्यली का वो?" असं राजुऱ्याची आत्या दर सुट्टीत विचारते. मी दर सुट्टीत हो म्हणते. वाद घालायला माझ्याकडे सुट्ट्या कमी आहेत.

तर उंदरांचं असं. मेंदूतल्या तंतूंवर चरबीचं एक आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. त्याला मायलिन म्हणतात आणि ते गुंडाळणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. माझ्या उंदरांत जन्मतःच खोट आहे, त्यामुळे या पेशी काम धड सुरू व्हायच्या आतच मरतात. मग पिल्लू थरथरतं, चालताना कलंडतं आणि महिनाभरात जातं.

माझा धाकटा भाऊही थरथरतो. आजार तोच, फक्त माणसातला. विशी कधीच ओलांडली त्याने. अंगणातल्या खाटेवर पडून असतो, नाटकाची जाहिरात करत भोंगा लावलेली गाडी गेली की खूश होतो, आणि काय बोलतो ते फक्त मायला कळतं. तो लहान असताना चंद्रपूरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, धानोऱ्याकडच्या वैदूने मुळी दिली, आणि आत्याने निकाल दिला, फुकट: खोट सुनेच्या पोटात आहे. आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले, सगळं सोडलं. सुनेच्या माथी खापर फोडायचं तेवढं सोडायचं राहून गेलं असावं.

मायने आत्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. पण मला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा ती म्हणाली, "तू आता सगळं शिकशीन. एवढं पाहून सांग मले. हे माह्याच्यानं झालं का?"

उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात होतं. हा बिघाड आईकडून मुलाकडे जातो आणि आई स्वतः ठणठणीत असते. मी पुस्तक मिटलं आणि मायला सांगितलं की संशोधन चालू आहे. फार सोयीचं वाक्य आहे. सरकारही वापरतं.

मग मी विषय निवडला. या पेशी स्वतःच्या खोटीने मरतात की भोवतालचा मेंदूच त्यांना जगू देत नाही? सरांना वाटलं, पोरीला विज्ञानाची ओढ आहे. कसली ओढ! मी वकील होऊन गेले होते. मला शेजाराला, म्हणजे त्या भोवतालच्या मेंदूला, दोषी ठरवायचं होतं आणि मायला सोडवून आणायचं होतं. आजारी पिल्लाच्या पेशी काढून निरोगी पिल्लाच्या मेंदूत सोडायच्या आणि निरोगी पेशी आजारी मेंदूत. चार वर्षं मी हेच केलं.

निरोगी पेशी त्या आजारी मेंदूतही मजेत रुळल्या आणि त्यांनी आवरण गुंडाळलं. आजारी पेशी निरोगी मेंदूत थोडे दिवस जास्त जगल्या, एखाददुसरीने पातळसं गुंडाळलंही, मग मेल्या. शेजाराने जमेल तेवढं सांभाळलं होतं. खोट पेशीचीच निघाली. इतका स्वच्छ निकाल क्वचित येतो म्हणून सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले. एवढा खर्च, एवढे उंदीर, आणि मी आत्याच्याच निकालावर शिक्का मारून आले होते. माझा मलाच संताप आला.

जानेवारीत घरी गेले. माय भावाला जेवण भरवत होती, एका हाताने हनुवटी धरून, मऊ भाताचे लहान लहान घास. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. यावेळी काही लपवलं नाही.

"म्हंजे माह्याकडूनच आलं," ती म्हणाली.

"हो."

मी घाईघाईने शेजाराचं सांगायला लागले. भोवताल चांगला असला की आजारी पेशीसुद्धा जास्त जगते, भाऊ एवढा जगला तो तुझ्यामुळे, वगैरे. सगळं खरं होतं, पण माझ्याच तोंडून ते मला सांत्वनासारखं ऐकू येत होतं. ती ऐकत नव्हती. तिने भावाला घास दिला, तो गिळेपर्यंत थांबली, पदराने त्याचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर भीती होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा पाहिली.

"अन् तुह्यात बी असन का वो?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले नाही. पिंजऱ्यातल्या प्रत्येक ठणठणीत मादीत ही खोट लपली आहे का, ही तपासणी मी स्वतः करते. एका दिवसाचं काम आहे. माझी मी कधी केली नाही.