राणीला लायसन्स लागत नाही

दह्याचे रिकामे डबे कुणी मुद्दाम जमवत नाही. एक धुऊन ठेवला, दुसरा ठेवला, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! आमच्या मंगळवारच्या मंडळाचे किस्से असेच साठलेत. आज कपाट उघडतेच.

मंडळ म्हणजे आम्ही तिघी. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला एकाच गल्लीत राहतो. मी मुलाकडे, शाळेची पायरी न चढलेली. नलूताई पुण्याच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, फोनवरचं इंग्रजी फाडफाड वाचतात. आणि कमलताई. वय ब्याऐंशी, नवऱ्यामागे स्वतःच्या घरात एकट्या. पंचेचाळीस वर्षं इथे गाडी चालवतायत. आमच्यात ड्राइव्ह करणाऱ्या त्या एकट्याच. त्या गाडी काढतील तेव्हा भाजी, त्या काढतील तेव्हा देऊळ. इथे पायी निघालं तर दूधसुद्धा मिळत नाही. तेव्हा आमची राणी त्याच!

*

खरी राणी आमच्यात आली लायब्ररीतून. मंगळवारी दुपारी तिथली बाई आम्हाला एक खोली उघडून देते. तिने विलायतेच्या राणीची डीव्हीडी लावून दिली. सत्तर वर्षं गादीवर बसलेली बाई! पण सगळं इंग्रजीत. नलूताई अर्थ सांगायच्या तो पासबुक वाचल्यासारखा. मग मीच मराठीतून बोलायला लागले. इंग्रजी नाही कळत, पण माणसांची तोंडं कळतात ना!

पंचवीस वर्षांची ती पोर नवऱ्याबरोबर आफ्रिकेच्या जंगलात गेलेली, झाडावरच्या मुक्कामाला. इकडे घरी बाप वारला. मी म्हटलं, "बघा, झाडावर चढली तेव्हा राजकन्या होती, उतरली ती राणी!"

नलूताईंनी सुस्कारा टाकला. "माझं उलट झालं बाई. विमानात चढले तेव्हा सासू होते, उतरले ती बेबीसिटर!"

*

राणीकडे दर आठवड्याला पंतप्रधान यायचा. तो बोलबोल बोलायचा, ही नुसती मान हलवायची. एक पंतप्रधान गेला, दुसरा आला, तिसरा आला. हिची मान तशीच.

नलूताई वैतागल्या. "अहो, ही काही बोलत का नाही? राणी ना?"

कमलताई म्हणाल्या, "मुलगा दर रविवारी फोन करून मला सगळं समजावून सांगतो, तेव्हा मी काय करते?"

*

एकदा कमलताई गाडी रिव्हर्स घेताना स्वतःच्याच मेलबॉक्सवर, रस्त्याकडेच्या टपालपेटीवर गेल्या. खांब आडवा! शेजाऱ्याने फोटो काढून शिरीषला पाठवला. शिरीष त्यांचा एकुलता एक, तिकडे टेक्सासात फ्रिस्कोला. त्याचा लगेच फोन. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकलं.

"आई, बास झालं आता. किल्ली नलूकाकूंकडे दे. घर विकू आपण. इकडे ये, तुझी रूम रेडी आहे."

"मेलबॉक्स माझा, गाडी माझी. तुझं काय गेलं?"

"आणि उद्या मेलबॉक्सच्या जागी एखादं पोर असलं तर?"

शेवटी ठरलं ते असं. त्यांनी ड्रायव्हिंगची टेस्ट पुन्हा द्यायची. पास झाल्या तर शिरीष हा विषय परत काढणार नाही. नापास झाल्या तर किल्ली द्यायची, घर विकायचं आणि फ्रिस्को.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तिकडच्या खोलीला खिडकी आहे का हो?"

"आहे की."

"काय दिसतं त्यातून?"

"सुनेची गाडी."

*

पुढच्या मंगळवारी टीव्हीवर राणीचा थोरला मुलगा. केस पिकले, नातवंडं झाली, तरी हा आपला वाट बघतोय. नलूताईंना त्याची दया आली. "देऊन टाकायची होती ना गादी वेळेवर! मी बघा, आल्या दिवशी सगळं किचन सुनेच्या हातात दिलं."

"मग आता चहा केव्हा मिळतो?" कमलताईंनी विचारलं.

"ती मीटिंगमधून उठली की!"

*

मग नलूताईंनी फोनवर काहीतरी वाचलं आणि ओरडल्याच. "अहो, राणीकडे लायसन्सच नव्हतं!"

तिकडे म्हणे सगळी लायसन्सं राणीच्याच नावाने निघायची. मग तिला कोण देणार? लढाईच्या काळात ट्रक चालवायला आणि दुरुस्त करायला शिकलेली. म्हातारपणीही आपल्या इस्टेटीत झोकात गाडी हाकायची.

कमलताई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. "म्हणजे त्या बाईने आयुष्यात टेस्टच दिली नाही? कुणी विचारलंसुद्धा नाही?"

मी म्हटलं, "तिचा मुलगा फ्रिस्कोला नव्हता!"

*

टेस्ट जवळ आली तसं माझं चित्त थाऱ्यावर राहीना. भाजीत मीठ दोनदा. रोज सकाळी देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस. कमलताईंचं घोडं अडायचं रिव्हर्सला. मान वळत नाही. मग मी मागे उभी राहून एसटीच्या कंडक्टरसारखी ओरडायची, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" गाडी अगदी रेषेत!

चार दिवसांनी नलूताई म्हणाल्या, "सगळं छान. पण टेस्टला या डिकीत बसून ओरडणार आहेत का?"



*

डीव्हीडीचा शेवटचा भाग. राणी वाळून काठीला टेकलेली, तरी उभी. नव्या पंतप्रधानाशी हसून हात मिळवते. त्यानंतर दोन दिवसांनी गेली.

कमलताई हळूच म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं असेल का, थकलात का म्हणून?"

"विचारलं असणार," नलूताई म्हणाल्या. "आणि ती म्हणाली असणार, आज ऊन छान पडलंय!"

*

टेस्टच्या दिवशी शिरीष विमानाने आला. आम्ही टेस्टच्या ऑफिसबाहेर बाकावर. टेस्ट घेणारी बाई पन्नाशीची, चेहरा असा की हिने जन्मात कुणाला पास केलं नसेल. ती कमलताईंच्या शेजारी बसली आणि गाडी वळणाआड गेली.

पंधरा मिनिटांचं काम. पंधरा झाली, वीस झाली. शिरीष येरझाऱ्या घालायला लागला. अर्धा तास. नलूताईंनी चष्मा सहा वेळा पुसला. चाळीस मिनिटं! शिरीषचा चेहरा पांढराफटक. "काकू, ॲक्सिडेंट झाला असेल का हो?"

"नाही रे," मी म्हटलं खरं, पण मीही वळणापर्यंत जाऊन बघून आले.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला गाडी आली. ती बाई उतरली, दार धाडकन लावलं आणि कुणाकडे न बघता आत निघून गेली. कमलताई सावकाश उतरल्या. हातात कागद. पास!

"आई! अगं होतीस कुठे इतका वेळ?"

"तिच्या आईकडे."

"काय?"

"रस्त्यातच घर आहे. तिची आई माझ्याएवढीच, आणि गाडीची किल्ली सोडत नाही म्हणे. ही मला म्हणाली, तिच्या वयाच्या आहात, प्लीज, तुम्ही जरा समजवा तिला."

"मग?"

"मी आधी या कागदावर सही घेतली. मग आत जाऊन तिच्या आईला सांगितलं, मुळीच देऊ नकोस!"