जावयाचा मोजा

लग्न होऊन मी कामरगावला आले त्या वर्षी आमच्या ज्वारीच्या कणगीत उंदीर फार झाले होते. म्हणून सासऱ्यांनी शेजारून मांजरीचं एक पिल्लू आणलं. पांढरं, शेपटी तेवढी काळी. पोळ्याला मोठ्या नणंदेचा नवरा आला तेव्हा ते नुकतंच घरात रुळलं होतं.

हा घराचा थोरला जावई. कारंज्याला कचेरीत नोकरी, पायात बूट, बुटात नायलॉनचे मोजे. त्याला एकच खेळ सुचला. पिल्लाला उताणं पाडायचं, पोटात बोटं खुपसायची, ते चिडून चावायला लागलं की माझ्या अंगावर टाकायचं. मी पुरणपोळ्यांची कणीक मळत असले तरी.

"वैनी, सांभाळा! वाघ सुटला!"

घर हसायचं. दोन दिवसांत पिल्लू शिकलं, की माणसाचा हात चावण्यासाठीच असतो. माझ्या अंगठ्याजवळ त्यानं असे दात रुतवले की जखम चिघळली, हात सुजला. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जवाई हाय ते. त्याईले काय म्हनाव?"

तेही मी सोसलं असतं. पण पोळ्यानंतर चौथ्या दिवशी माझे वडील केनवडहून मला भेटायला आले. हाताला बांधलेली चिंधी पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. मी बोलायच्या आत जावई म्हणाला, "काई नाई मामा, वैनीच्या हाताले माहेरच्या उपासाचा वास येते. पिल्लाले वाटते, आपल्यासारखंच उपाशी कोनी हाय."

वडील हसले. खाली बघून हसले. परत जाताना मी दिलेला लाडू त्यांनी घेतला नाही.

निघताना जावयानंच निकाल दिला. "पिल्लू बिघडलं. पोत्यात घाला अन् धनजकडं सोडून या." सासूबाई पोतं शोधायला उठल्यासुद्धा. मी सासऱ्यांपुढे उभी राहिले. त्यांच्याशी एवढं मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले. "मामंजी, दसऱ्यापर्यंत ठेवा. नाई सुधरलं तं मीच नेऊन सोडतो."

ते म्हणाले, "ठेव."

दुसऱ्या दिवसापासून मी पिल्लाच्या मागे लागले. ते चावलं की हात ओढायचा नाही, ओढला की त्याला अजून जोर येतो. हात सैल सोडायचा, "ऊंहूं" म्हणायचं आणि उठून पाठ फिरवायची. मग ते एकटं पडायचं, म्याव म्याव करत पायांत यायचं. नखं आत घेऊन बसलं की बोटावरचं ताक चाटायला द्यायचं. बोटांनी कोणीच खेळवायचं नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावलं.

पण वाढत्या दातांना चावायला काहीतरी लागतंच. झाडताना बाजेखाली जावयाचा विसरलेला मोजा सापडला. मी त्यात कापूस कोंबला, दोरी बांधली आणि पिल्लापुढे ओढला. त्यानं झेप घेतली, चारही पायांनी मोजा कवटाळला आणि टाचेत दात घातले.

तेव्हा मला कळलं, आपण काय करू शकतो. मी तो मोजा धुतला नाही. रोज दुपारी, भांडी झाली की मोजा निघायचा. हाताला चावलं की खेळ बंद. मोज्याला चावलं की शाबासकी. "हं, फाड," मी हळूच म्हणायची. "अजून."

दसऱ्याला जावई आला. सोनं वाटून झालं, गावातली चार मोठी माणसं ओसरीवर बसली. बूट दाराशी काढून, मोजे तसेच ठेवून हा बाजेवर, पायावर पाय टाकून, वरचा पाय हलवत. मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. पिल्लू भिंतीशी दबा धरून बसलेलं मी पाहिलं. मी त्याला हाक मारली नाही.

"आई वं!"

जावई बाजेवर उभाच राहिला. पोह्यांची ताटली उपडी झाली. तो पाय झटकत होता आणि पिल्लू टाचेला लोंबकळत होतं. "वैनी! काढा ना याले!"

मी तांब्या खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग सावकाश गेले आणि पिल्लापुढे बोट धरलं. "ऊंहूं." त्यानं टाच सोडली आणि माझं बोट चाटलं.

"हे पिल्लू चावते!" जावई ओरडला.

सासरे सुपारी कातरत म्हणाले, "आमाले तं कोनालेच चावत नाई, बापू. तुमालेच काहून चावलं?"

माणसं हसली. पोट धरून हसली. मी हसले नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खाली बघेपर्यंत.

पुढे त्या घरात त्यानं माझ्या माहेराचं नाव काढलं नाही. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

नणंद मात्र त्या संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसली. बांगड्या मागे सारून तिनं भाकरीचं पीठ घेतलं, तेव्हा तिच्या मनगटावरचा काळानिळा वळ मी पहिल्यांदा पाहिला.

"वैनी," ती म्हणाली, "या मांजरीले पिल्लं झाली की मले एक देजा. असंच शिकवून."