अनुसयाच्या कोंबड्या थांबेनात

त्या हिवाळ्यात बालाघाटच्या कडेच्या वस्तीत सगळ्यांच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, आणि अनुसयाच्या कोंबड्या मात्र देतच राहिल्या. दुसऱ्या एखादीने देवाला हात जोडले असते. अनुसयाची मात्र झोप उडाली.

ही अनुसया तुमसरकडून लग्न होऊन आलेली. नवरा भैयालाल राईसमिलमध्ये पोती वाहायचा; तो तापाने गेला आणि मिलच्याच वाळवणावर धान हलवायचं काम तिच्या वाट्याला आलं. घरी येताना ओटीत मूठ-दोन मुठी कनकी, म्हणजे तांदळाची कणी, असायची, तिच्यावर कोंबड्या पोसल्या गेल्या आणि कोंबड्यांवर लेक पुष्पलता. लेक आता लग्नाची झाली होती. गोंदियाकडचं स्थळ सांगून आलं होतं, माणसं बरी होती, आणि अनुसयाचा सगळा जीव त्या स्थळात अडकला होता.

तिचं घर मिलच्या भिंतीला चिकटून. दिवाळीनंतर धानाच्या गाड्या अंधार पडला तरी येत राहायच्या, म्हणून मिलवाल्यांनी त्या वर्षी तिथे खांब रोवून त्यावर भला मोठा बल्ब लावला. अर्धा उजेड गाड्यांवर पडे, अर्धा फुकट अनुसयाच्या अंगणात. पुष्पलता त्या उजेडात तांदूळ निवडायची. या पलीकडे त्या बल्बकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हिवाळ्यात कोंबड्या थांबतात हे वस्तीला नवं नव्हतं. थंडीनं गारठतात बिचाऱ्या, म्हणून लोक सोडून देत. अनुसयाच्याही दरवर्षी थांबायच्या. तेव्हा यंदा तेवढ्या एका घरच्या का थांबल्या नाहीत, हा प्रश्न कुणाला तरी पडणारच होता. पण तो पडायला कारण झाली ती अनुसया स्वतःच.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला विमलाबाई राहायची. तिची सून ललिता बाळंत झाली आणि अगदीच खंगली. अनुसया भोळी, ती रोज वाटीत दोन अंडी पदराखाली झाकून तिच्यासाठी नेऊ लागली. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरची वस्तू जाऊ द्यायची नाही, ही तिकडची रीत. ती तिलाही ठाऊक होती, पण पोरीचा पांढरा चेहरा पाहून ती विसरली. पुढे बाळाने दोन दिवस दूध धरलं नाही. झालं. विमलाबाईने अंड्यांची वाटी परत आणली आणि अनुसयाच्या उंबऱ्यावर उपडी ठेवली.

"काय झालं वो विमलाबाई?"

"मले काय इचारतं? साऱ्या गल्लीचे अंडे एकाच घरी कसे येऊन राह्यले, थे तूच सांग."

हे बोलणं कुठे जातं ते अनुसयाला माहीत होतं. लहानपणी तिच्या गावात एका म्हातारीला लोकांनी टोनही ठरवलं होतं, म्हणजे जादूटोणा करून दुसऱ्याचं ओढून घेणारी. तिचे केस कापले, तिला गावाबाहेर काढलं, आणि तिच्या नातीला शेवटपर्यंत नवरा मिळाला नाही. ती नात अनुसयाची मैत्रीण होती.

आठवड्याच्या आत नळावर बायका तिला वाट करून देऊ लागल्या. ती पुढे आली की भांडी बाजूला सरकत. मग कळलं, परसवाड्याकडचा फकिरा भगत संक्रांतीनंतर येणार आहे. तो तांदळाचे दाणे टाकून टोनहीचं नाव काढणार.

आता तिला सगळ्यात मोठी भीती कोंबडीच्या ओरडण्याची. अंडं घातलं की कोंबडी गावभर दवंडी पिटते. पहिला आवाज निघाला की अनुसया हातातलं टाकून धावायची, कोंबडीला पदरात गुंडाळून तिची चोच दाबून धरायची. अंडी भुशाच्या ढिगात पुरायची. पुष्पलता म्हणायची, "आई, असं काहून करतं? आपून का चोरी केली?" मनातलं खरं भय अनुसयाने लेकीलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटू लागलं होतं की आपल्याच हाताला काहीतरी आहे. आपल्याला न कळताच आपण दुसऱ्यांचं ओढतोय. ती चुलीपाशी बसून स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघायची.

मध्येच एका बैलगाडीचा धक्का लागून तो खांब कलला. मिलवाल्यांनी तो उपटला आणि मिलच्या मागच्या दाराशी, विमलाबाईच्या कुडाला लागून रोवला. अनुसयाचं अंगण पुन्हा अंधारलं. काही दिवसांनी तिची लाल कोंबडी थांबली, मग कबरी, मग सगळ्याच. रिकाम्या डालीत हात घालून ती आनंदाने रडली.

संक्रांत झाली. एका दुपारी विमलाबाई अनुसयाच्या घरी मागच्या दाराने आत आली. तोंड सुकलेलं. तिने पदर उघडला तर आत चार अंडी.

"माह्या कोंबड्या देऊन राह्यल्या, अनुसया. कालपासून ललिता मले बाळ घेऊ देत नाही. उद्या फकिरा येते. मी काय करू वो?"

अनुसयाला तिची दया आली नाही. आधी आला तो सुटकेचा श्वास. लोकांचे डोळे आता दुसऱ्या घराकडे वळले होते, पुष्पलता वाचली होती. गप्प बसलं की झालं. ती खरोखर गप्प बसली. विमलाबाई अंडी घेऊन तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सांज पडता पडता फकिरा आला. विमलाबाईच्या अंगणातच सूप मांडलं गेलं. सगळी गल्ली जमली. विमलाबाई कुडाला टेकून उभी, तिच्याजवळ कुणीच नव्हतं. अनुसया लांब, पुष्पलतेचा हात घट्ट धरून. आणि तिला दिसलं की गल्लीतल्या कोंबड्या केव्हाच डालीखाली गेल्यात, पण विमलाबाईच्या कोंबड्या त्या बल्बखाली भर दुपार असल्यासारख्या चरतायत. खांब आपल्या अंगणाशी होता तेव्हा आपल्याही अशाच चरायच्या! थंडी तर साऱ्या गल्लीला सारखीच होती. आखूड झाला होता तो दिवस. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं, आणि मिलवाल्यांनी नकळत दोन घरांचा दिवस लांबवला होता.

फकिराने मुठीत तांदूळ घेतले. आता आपण बोललो आणि लोकांनी मानलं नाही, तर दोघींचंही नाव निघेल. अनुसयाने लेकीचा हात सोडला.

"जरा थांबा जी," ती म्हणाली. "तांदूळ मंग टाका. पह्यले ह्या कोंबड्या पाहा. दिवा माह्याकडं होता तं माह्या देत होत्या. दिवा इकडं आला, माह्या थांबल्या. करणी असन तं थ्या बलबची हाय."

कुणीतरी हसलं. मग बायका वर बल्बकडे पाहू लागल्या, खाली कोंबड्यांकडे, आणि आपापल्या अंधाऱ्या अंगणांकडे. कुजबुज सुरू झाली. हवा फिरली हे फकिराला बरोबर कळलं. उजेडात तांदूळ बोलत नाहीत, असं काहीसं पुटपुटत त्याने सूप आवरलं. त्या संध्याकाळी कुणाचंच नाव निघालं नाही. विमलाबाई येऊन अनुसयाच्या गळ्यात पडली, आणि कालच्या दुपारबद्दल दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

पुढच्याच बाजाराला अनुसयाने साऱ्या कोंबड्या डालीत भरल्या आणि मिळेल त्या भावाला विकून टाकल्या. पुष्पलता कळवळली. "आता तं साऱ्याइले समजलं न आई, मंग काहून इकल्या?"

अनुसया रिकामी डाली झटकत म्हणाली, "लोकं इसरतेत, बाई. उद्या थो दिवा कोनाच्या दारी नेतीन, कोनाले मालूम."