बैठकीतून न उठणारे दादा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. शाळेच्या वार्षिक अहवालापलीकडे आयुष्यात काही लिहिले नाही, आणि आता सत्तरीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा लिहायला बसले तेही अशा विषयावर, ज्याचा उच्चार आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने केला नाही. वाचकांनी, आणि विशेषतः आमच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी, क्षमा करावी. माझे थोरले दीर, ज्यांना त्यांच्या मुलासकट सारे दादाच म्हणत, सहा आठवड्यांपूर्वी गेले. सकाळी मी भाजी निवडत असताना फोन आला. त्यांचा मुलगा प्रकाश कल्याणच्या रुग्णालयातून बोलत होता. "काकी, दादा गेले," एवढेच तो म्हणाला. मला धक्का बसला नाही. थकवा आला, आणि तो अजून उतरलेला नाही… त्यांना काय होते आहे हे घरात सर्वांच्या आधी मला कळले होते, आणि मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या गावात दादांची भातशेती होती, पण मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांची ओळख सोयरिकी जमवणारा माणूस म्हणून होती. दोन्ही पक्ष ओटीवर समोरासमोर बसत, मध्ये दादा. देण्याघेण्यापासून मानपानापर्यंत सारे त्यांच्या तोंडून ठरे, आणि सुपारी फुटेपर्यंत मधल्या माणसाने जागा सोडायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तो उठला की बोलणी फिसकटतात, असे लोक मानत. बैठक कधी दोन तास चाले, कधी पाच. शहापूरच्या बाजूला बैठक असली की दादा आदल्या दिवशी शहापूरला आमच्याकडे मुक्कामाला येत. सकाळी मी चहा पुढे केला की कप हलकेच परत सरकवीत. "नको बाई. आज बसायचंय." मी शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणत; त्यात थोडी थट्टा होती आणि पुष्कळसा मान. घोटभर पाणीसुद्धा ते घेत नसत. मला वाटे, हे व्रतासारखे काहीतरी असेल. त्यांनाही बहुधा तसेच वाटत असावे.

आटगावच्या एका बैठकीला मीही गेले होते, कारण मुलगी माझी विद्यार्थिनी होती. हुंडा नको, पण मांडव कुणाच्या दारी यावर गाडे अडले होते. दोन तास झाले असतील. दादांच्या कपाळावर घाम दिसू लागला. एकदा त्यांनी मांडी बदलली, पुन्हा बदलली, आणि मग सगळ्यांच्या देखत उठून ते मागच्या दाराने निघून गेले. ते परतले तेव्हा मुलीच्या आजीने पदर सावरत विचारले, "काय ओ दादा, तुमीच उठलाव? आता आमचे पोरीला कोन वाली?" दादा हसले. "आजी, मी उठून मांडवाची जागा बघून आलो. तुमचंच आंगण मोठं हाय." सारे हसले, सुपारी फुटली, लग्नही सुखाने झाले. पण त्या प्रसंगानंतर बैठकीच्या आदल्या संध्याकाळपासूनच त्यांनी पाणी बंद केले.

त्याच सुमारास मला उमगले. आमची मोरी स्वयंपाकघराला लागून आहे. नको असलेले आवाजही ऐकू येतात. दादा आत गेले की पंधरा-वीस मिनिटे लागत. धार सुरू होई, मध्येच एकदम तुटे, मग पाय हलवल्याचा, भिंतीला हात टेकल्याचा आवाज येई, पुन्हा थोडी धार, आणि शेवटी दाबून धरलेले कण्हणे. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. उत्सर्जन संस्थेचा धडा मी दर वर्षी घाईघाईने उरकत असे. मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर काढायची आणि मूत्राशयापाशी आल्यावर "पुढचे घरी वाचा" म्हणायचे. तरी वाट अडवणारे काहीतरी आत आहे, आणि माणूस हलला की ते सरकते, एवढे समजण्याइतके ज्ञान माझ्यापाशी होते. थोरल्या दिरांना हे विचारणार कोण? मी यजमानांना सांगितले. ते वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "वयानं होतं तसं." मग मी दादांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागले. माझे सारे धाडस तेवढेच. सकाळी तो तसाच भरलेला असे.

लघवीतून रक्त गेले तेव्हा प्रकाश घाबरला आणि त्यांना शहापूरला सोनोग्राफीसाठी घेऊन आला. डॉक्टरांनी मला आत बोलावले, कारण कागद वाचणारी मीच होते. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे ते डॉक्टर अजिबात न लाजता बोलत होते. प्रोस्टेटची ग्रंथी वाढल्याने वाट अरुंद झाली आहे, त्यामुळे मूत्राशयाची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. तळाशी उरलेल्या लघवीत क्षार साचतात आणि त्यांचा खडा होतो. पाणी कमी प्यायले, लघवी तुंबवून ठेवली, की ते आणखी लवकर होते. दादांनी लक्षपूर्वक ऐकले. "म्हंजे बांधाचे मोरीचं तोंड बुजलं का खाचरात पानी थांबतं, तसं. गाळ बसनारच." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." "मंग कुळथाचा काढा चालंल? आमचेकडं सगली तोच घेतात." एवढा झालेला खडा काढ्याने विरघळत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, दुर्बिणीने फोडून काढावा लागेल. "केवढा हाय?" "सुपारीएवढा." यावर दादा इतके मोकळे हसले की बाहेर बसलेला प्रकाश डोकावून गेला. "आयुष्यभर मी फोडल्या. आता ही एक तुमी फोडा."

खडा फुटला. दादा चार दिवसांत घरी गेले. निघताना डॉक्टरांनी दोनदा बजावले होते, की खडा निघाला म्हणजे आजार निघाला असे नाही. वाट अरुंदच आहे. गोळी रोज घ्यायची, पाणी दिवसभर थोडेथोडे प्यायचे, लघवी अडवायची नाही, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे, आणि गोळीने भागले नाही तर ग्रंथीचीही शस्त्रक्रिया करायची. दादांनी वर्षभर सारे पाळले. मग लगीनसराई आली. गोळीने चक्कर येते म्हणून ती सुटली. तपासणी भातकापणीनंतर, मग होळीनंतर, अशी पुढे जात राहिली. बैठकीच्या दिवशी पाणी पुन्हा बंद झाले, आणि त्याची भरपाई म्हणून इतर दिवशी कुळथाचा काढा सुरू झाला. त्यांच्या पिशवीतले गोळ्यांचे नवे पाकीट मी पाहिले होते. एकही गोळी कमी झालेली नव्हती. मी पाकीट जसे होते तसे परत ठेवले.

शेवटचे आले तेव्हा अंग तापले होते. हात लावायची गरज नव्हती, डोळ्यांवरून कळत होते. "दादा, आज राहू द्या," मी म्हणाले. "दोन तासच बसायचंय गो बाई. पोरगी तीस वर्सांची झाली, हे नाय जमलं तं काय खरं नाय तिचं." त्या मुलीचे जमले. दादा ओटीवरून उठले ते प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवूनच. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता, आणि वर्षानुवर्षे मागे तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडेही थकली होती, असे कल्याणच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. ते बोलत असताना मी मान हलवत राहिले. त्यातले नवे असे काही नव्हते.

दादांचे उत्तरकार्य झाल्यावर मुरबाडकडची काही मंडळी आली. मधल्या जागी आता कोण बसणार? धाकटा भाऊ आहे, शिकलेला आहे, म्हणून त्यांनी माझ्या यजमानांना गळ घातली. ते मनातून सुखावलेले मला दिसले. गेल्या रविवारी त्यांची पहिली बैठक होती. सकाळी मी चहा ठेवला. त्यांनी कप परत सरकवला. "नको. आज बसायचंय."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात जे विचारले नव्हते ते विचारले, "तुम्हाला लघवीला त्रास होतो का?"

ते दाराकडे पाहत राहिले. "दोन वर्षं झाली," म्हणाले. "दादाचं बघितल्यावर तर सांगायची आणखीच लाज वाटली."

मला रागवायचे होते, पण अंगात त्राण नव्हते. बैठक होणार नाही, आधी तपासणी, एवढेच मी सांगितले. त्यांनी नवऱ्या मुलाकडच्या म्हाताऱ्या काकांना फोन लावला आणि "तब्येत जरा बरी नाही" असे काहीसे पुटपुटू लागले. मी फोन त्यांच्या हातून घेतला. "यांना लघवीचा त्रास आहे," मी म्हणाले. "दादांना होता तोच. दवाखान्यात नेते आहे." मला वाटले, ते फोन ठेवतील… मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारले, "बाई, कंच्या डाक्टरकडं? मलापन हाय."

यजमानांच्या मूत्राशयात खडा धरलेला नाही, लघवी मात्र उरते, असे अहवालात आहे. उपचार सुरू झाले आहेत. ते काका उद्या येणार आहेत. दादांना मी हे एकदाही विचारले नाही. तुमच्या घरात, ज्यांना विचारायची लाज वाटते अशा माणसाला, तुम्ही हे विचारले आहे का?