उपाशी ठेवण्याची नोकरी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कायम खायचं सामान असायचं आणि त्यातलं काहीही माझं नसायचं. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, खारी, कुणाच्या फडक्यात बांधलेली नागलीची भाकर, एकदा तर चक्क उकडलेलं रताळं. नाशिकच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी सर्जरी वॉर्डची सिस्टर होते. ज्या मुलाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असे, त्याच्या आईच्या पिशवीची मी आदल्या संध्याकाळीच झडती घेई. सापडेल ते खणात. ऑपरेशन होऊन मूल नीट शुद्धीवर आलं की ज्याचं त्याला परत. माझा नवरा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. तो म्हणायचा, गेटवर रोज माझी झडती होते, त्याचा सूड तू त्या बायांवर उगवतेस.

सूड वगैरे काही नव्हता. भूल देताना पोटात अन्न असलं तर उलटी होते आणि ती फुप्फुसात जाऊन जीवावर बेतू शकतं, हे मी शिकत असताना माझ्या डोक्यात असं ठोकून बसवलेलं होतं की झोपेतही विसरले नसते. म्हणून नियम एकच होता. रात्री दहानंतर तोंडात काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ज्याचा नंबर सकाळी पहिला, तो सुटला. ज्याचा शेवटचा, त्याला दुपारचा एक वाजायचा, कधी दोन. तोवर ते पोर कोरड्या ओठांनी पाळण्याच्या गजाला धरून उभं. आणि कुणाच्या आईनं मध्येच काही भरवल्याचं कळलं, तर त्या दिवशीचं ऑपरेशन मी रद्द करायला लावी. पुढची तारीख घ्या आणि घरी जा. वॉर्डात मला सगळे टरकून असत आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आता निवृत्तीनंतर घरी बसल्यावर मला तो वॉर्ड फार आठवतो. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराकडून पहिल्या एसटीनं आलेल्या बाया, त्यांच्या पाटीत बसून आलेली मुलं, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले लंगोट, फिनेलचा वास. दवाखान्यासमोर एक मिसळीचं दुकान होतं. सकाळी आठला त्याची तर्री उकळायला लागली की वास थेट पहिल्या मजल्यावर. ऑपरेशनच्या दिवशी मी त्या बाजूच्या खिडक्या बंद करून घेई. मुलं उपाशी असताना आपणही खायचं नाही असा माझा शिरस्ता होता, त्यामुळे मिसळीचा त्रास मलाही व्हायचा. आज त्या दुकानाच्या गल्लीतून गेले तरी मला आधी भूक लागत नाही, आधी ती खिडकी आठवते.

मी तिथे असतानाच आमच्याकडे भूल देणारी एक तरुण डॉक्टर आली. बारीक अंगाची, कमी बोलणारी. ऑपरेशन थिएटरमधून मध्येच वॉर्डात यायची आणि नंबराची वाट बघणाऱ्या मुलांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. एक दिवस मला म्हणाली की अन्नाचं ठीक आहे, पण साधं पाणी पोटात फार वेळ राहत नाही. बाहेर बऱ्याच ठिकाणी आता ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत मुलांना पाणी, साखरपाणी देतात, मुलं रडत नाहीत, उठल्यावर लवकर ताजीतवानी होतात. आपल्याकडे हे करायचं तर आपल्या मुलांचा अभ्यास करून वरिष्ठांना दाखवावा लागेल. मी मनात म्हटलं, आली शहाणी. तोंडानं म्हटलं, करा की.

तिनं अभ्यासासाठी दवाखान्याच्या समितीची रीतसर परवानगी काढली. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. आईबापाची सही किंवा अंगठा, मग रकाने. शेवटचं खाणं किती वाजता, काय. शेवटचं पाणी किती वाजता. आपली मुलं खरोखर किती तास उपाशीतापाशी राहतात हे आधी कळायला हवं, असं तिचं म्हणणं. कार्डं भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं, शिस्त त्याहून चांगली. काही महिन्यांत मी गठ्ठाच्या गठ्ठा भरून दिला.

तिनं तो चाळला आणि हळूच विचारलं, "सिस्टर, सुरगाण्यापासून मालेगावपर्यंतची सगळी मुलं बरोबर रात्री दहालाच शेवटचा घास घेतात?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, इतर कुठे काय होतं मला माहीत नाही, माझ्या वॉर्डात घेतात. ती चिडली नाही. कार्डं खरी नसतील तर पाणी द्या असं मी कुणाला सांगूच शकणार नाही आणि मग ही मुलं अशीच तहानलेली राहतील, एवढंच म्हणाली. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या कार्डावर दहा लिहिले.

पुढची गोष्ट आवणीच्या दिवसांतली. डोंगराकडं भाताची लावणी चालू असते तेव्हा तिकडची माणसं सहसा दवाखान्यात येत नाहीत. पेठच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची बाई मात्र आली होती, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन. ती दुसऱ्यांदा येत होती. आदल्या खेपेला तिनं मुलाला सकाळी बिस्कीट दिलं होतं, आपणहून मला सांगितलं होतं, आणि मी त्यांना परत पाठवलं होतं. या खेपेला सकाळी मी दारातूनच कमरेवर हात ठेवून विचारलं, काही दिलं नाही ना? तिनं नाही म्हणून मान हलवली. मी कार्ड भरलं आणि पोराला आत पाठवलं.

भूल चढत असतानाच त्याला उलटी झाली. चहात कुस्करलेली भाकर होती, माझ्या झडतीतून निसटलेली. डॉक्टरनं त्याला झटकन कुशीवर वळवलं, नळीनं सगळं ओढून काढलं, तरी थोडं छातीत गेलंच. ऑपरेशन राहिलं बाजूला, पोर तीन दिवस ऑक्सिजनवर. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर त्याची आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. मी तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते. जाताना मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. खोटं बोलून तूच पोराचा जीव धोक्यात घातलास, वगैरे.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. वर न बघता, आवाज न चढवता.

"बाई, मागल्या खेपेला खरं बोलले तं तुमी आमाला परत धाडलं. आता आवणी टाकून आले. पुन्हा खरं बोलायची छाती नाय झाली." मग म्हणाली, "आमच्याकडं उपाशी पोर घराभाईर काढत नाय. मंग कापायला उपाशी कसं दिऊ?"

 मी तिच्या शेजारी बसले नाही, तेवढं शहाणपण तेव्हा नव्हतं. मी परत वॉर्डात आले आणि खुर्चीत बसून राहिले. मला तिचा राग आला होता तो कुठे गेला कळेना. तिनं एकदा खरं सांगितलं, मी तिला शिक्षा केली, आणि दुसऱ्यांदा ती शहाणी झाली. असं किती जणींना मी शहाणं केलं असेल? त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही. पोराला काही झालं असतं तर मी नोकरी सोडली असती असं मी आजही म्हणते, पण सोडली असती की नाही देव जाणे.

चौथ्या दिवशी पोरानं उठून चहा मागितला. त्याची आई रडली, डॉक्टर हसली, आणि मी कार्डांचा तो गठ्ठा उचलून डॉक्टरच्या खोलीत गेले. ही सगळी कार्डं रद्द करा म्हटलं. तिला वाईट वाटलं, ते दिसत होतं. कित्येक महिन्यांचं काम होतं आणि समितीला पुन्हा तोंड द्यावं लागणार होतं. काही कार्डं तरी खरी असतील, असं ती मलाच समजावत म्हणाली.

"असतील," मी म्हटलं, "पण कुठली ते मलाही सांगता येणार नाही. यात मुलांचं काही नाही, नुसता माझा धाक लिहिलाय."

आयुष्यात इतका कमीपणा मी कधी घेतला नव्हता. सासूपुढेही नाही.

मग काम नव्यानं सुरू झालं आणि त्यात माझं पद घसरलं. आमच्या वॉर्डात झाडलोट करणारी मावशी होती, मूळची सुरगाण्याकडचीच. मुलांच्या आया तिला सगळं सांगत, हे वॉर्डातल्या भिंतींनाही ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. ठरलं असं की विचारायचं मावशीनं, लिहायचं मी, तेही पडद्याआड स्टुलावर बसून. मावशी बायांमध्ये फतकल मारून बसायची, आधी पाऊसपाणी, मग म्हशी, मग जावा-नणंदा, आणि मग सहज पोराच्या पोटाकडे यायची. डॉक्टरनं एक गोष्ट मात्र पक्की करून घेतली होती. कुणी खाल्लं असं सांगितलं तर घरी पाठवायचं नाही, त्याचा नंबर फक्त मागे न्यायचा. मावशी हे प्रत्येकीला शपथेवर सांगे. मी पडद्याआडून लिहीत असे आणि मधूनच पेन थांबे. कुणी पहाटे पेज पाजलेली असे. पण त्याहून जास्त मुलं अशी, की आदल्या दिवशी एसटी गाठण्याच्या घाईत दुपारीच जेवलेली, भीतीपोटी आईनं संध्याकाळपासून पाणीही न दिलेलं. मी सांगितलेल्या दहाच्या किती तरी आधीपासून ती कोरडी होती. मावशी माझी नक्कलही करायची बायांपुढे, कमरेवर हात ठेवून. पडद्यामागे मी आहे हे तिला चांगलं माहीत होतं.

डॉक्टर पुढे सोनोग्राफीचं यंत्र मुलांच्या पोटावर टेकवून पोट रिकामं आहे का ते बघू लागली. दोन तासांपूर्वी साखरपाणी प्यायलेल्या मुलांची पोटं रिकामी दिसत. यंत्राच्या पडद्यावरचं मला फारसं कळायचं नाही, पण तिचा चेहरा कळायचा. वर्ष-दीड वर्ष गेलं, बैठका झाल्या, जुनेजाणते सर्जन कुरकुरले आणि शेवटी नियम बदलला. अन्नाचं बंधन तसंच राहिलं, पाण्याचं सुटलं.

पहिल्या दिवशी सकाळी साखरपाण्याची किटली मीच घेतली. दुसऱ्या कुणाला दिली नसती. खाटेखाटेशी जाऊन स्टीलच्या फुलपात्रात मोजून ओतायचं आणि मुलाला पाजायचं. चौथ्या खाटेवर एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. तिनं फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं, पण प्यायली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पिऊ ना, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पी बाळा. तिनं एका दमात संपवलं आणि तळाला राहिलेली साखर बोटानं चाटली.

माझे डोळे भरून आले. मावशीला वाटलं आनंदानं, आणि तिनं तसं सगळ्यांना सांगितलंही. मी खोडून काढलं नाही. मला त्या वेळी एक मुलगा दिसत होता, फार वर्षांपूर्वीचा, त्याच वॉर्डातला. दुपारचा नंबर होता त्याचा. त्यानं पाणी मागितलंच नाही, नियम त्याला पाठ होता. सिस्टर, नुसती चूळ भरू का, एवढंच त्यानं विचारलं होतं. मी भरू दिली. आणि त्यानं सगळं पाणी थुंकलं की नाही, ते मोरीवर वाकून बघितलं.