गिरदावराचा फोटो पहिल्या पानावर

"आधी वर्ष कोणतं धरायचं ते ठरवा," मी पुन्हा म्हणालो.

आबासाहेबांनी चष्मा पुसला. "वर्ष म्हणजे वर्ष. त्यात ठरवायचं काय?"

ठरवायचं होतं. इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलायचं, आमच्या वाचकांचं पाडव्याला. मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं, सरकारी फसली साल आबान महिना सरला की पालटायचं, म्हणजे दसऱ्याच्या मागंपुढं. वर्षातली सर्वांत प्रभावी व्यक्ती निवडायची तर बारा महिने कोणते, इथंच आमची गाडी रुतली होती. शेवटी फसली साल धरलं. कारण एवढंच, की ते लवकर संपत होतं आणि आबासाहेबांना धीर नव्हता.

आबासाहेब आमच्या साप्ताहिकाचे मालक आणि संपादक. मी एकुलता एक उपसंपादक. उपसंपादक म्हणजे गावोगावच्या बातमीदारांनी पाठवलेला मजकूर कापायचा, नीट करायचा आणि वर मथळा द्यायचा. कचेरी धाराशिवला, पण छपाई सोलापुरात, कारण सोलापूर इंग्रजी मुलखात होतं आणि इकडं छापखान्याचा परवाना मिळत नव्हता. छापलेला गठ्ठा सर्व्हिस मोटारीनं यायचा. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजाम सरकारच्या जकातीवर, तो उघडून बघितला जायचा. एखादी ओळ नडली तर पेपर कायमचा बंद. त्यामुळं आमच्या कचेरीत शाईपेक्षा भीती जास्त वापरली जायची.

अशात आबासाहेबांनी सोलापुरात कुठलंसं विलायती मासिक पाहिलं. ते दर वर्षी एक माणूस निवडून कव्हरवर छापतं. "आपणही निवडायचा. जिल्ह्यापुरता," ते म्हणाले. जिल्ह्यापुरता हे शहाणपणाचं होतं. जिल्ह्याबाहेर वजनदार कोण हे जाहीर विचारायची सोय नव्हती.

मी त्यांना निवडीचा अर्थ समजावला. प्रभावी म्हणजे चांगला नव्हे. ज्याच्या करणीनं जास्तीत जास्त लोकांचं आयुष्य बदललं, तो. बरं बदललं का वाईट, हा प्रश्न वेगळा. हा सत्कार नाही, ही बातमी आहे.

"अगदी बरोबर," आबासाहेब म्हणाले, आणि अंकात जाहीर केलं: "आपल्या भागातील थोर व्यक्तीचं नाव कळवा."

थोर. त्या शब्दानं माझं डोकं उठवलं. बातमीदारांनी आपापले सासरे सुचवले. एकानं पैलवान सुचवला, एकानं स्वतःचंच नाव तिसऱ्या पुरुषात लिहून पाठवलं. उमरग्याचे आडत व्यापारी बसप्पा शेठ कोर्टाच्या कामाला धाराशिवला आले होते. ते सरळ कचेरीत येऊन बसले. आमच्या शेवटच्या पानावर दर अंकाला त्यांची जाहिरात असायची.

"काय री, माझं नाव घेतलं का न्हाय?"

"शेठ, यंदा तुमच्यामुळं लोकांच्या आयुष्यात काय बदल झाला?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बदल कशाला करायचा? माणसानं नीट ऱ्हायचं." मग आबासाहेबांकडं वळून म्हणाले, "हे तुमचे राव लई वाकडं विचारतात."

आबासाहेबांचा कल शेठांकडं झुकू लागला. नेमकं तेव्हाच भूमकडच्या बातमीदाराचं एक वाक्य आलं: "इकडे ईट भागात गिरदावर साहेबांशिवाय पान हलत नाही." गिरदावर म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा महसुली अंमलदार, काही गावांवर देखरेख करणारा. बातमीदारानं हे स्तुती म्हणून लिहिलं होतं. मला त्यात बातमी दिसली. मी ईटला गेलो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारनं लेव्ही लावली होती, म्हणजे सरकारी भावानं सक्तीनं घालायचं धान्य. ईट भागातल्या गावांची, गावागणिक मिळून ठरलेली लेव्ही पुरी झाली नव्हती. तेव्हा या विठ्ठलराव गिरदावरानं त्या गावांतली सगळी पेवं सील केली होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. ज्यांनी लेव्ही घातली त्यांचीही पेवं बंद. आत बियाण्याची ज्वारी. हस्त नक्षत्र लागलं होतं, रबीची पेरणी तोंडावर.

कौसाबाई नावाची विधवा बाई स्वतःच्या पेवाच्या दगडावर बसली होती. दगडाला लाखेचा ठप्पा मारलेला.

"म्या माजी लेव्ही कवाच घातली," ती म्हणाली. "दुसऱ्यांची ऱ्हायली म्हणून माजं बी अडकवलंय. रान तयार हाय, वल हाय. दहा-पंधरा दिसांनी वल उडून जाईल. मग सील काढून काय मातीत घालू?"

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हनला, सगळं गाव घालंल तवा निघंल. पाटलांनी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं. त्यो कुनाचं ऐकत न्हाय." तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी छापा की. छापल्यावर वरच्याला कळंल."

मी छापतो म्हणालो. परतताना मनात एकच होतं. हाच तो माणूस. एका ठप्प्यानं अख्ख्या भागाची पेरणी थांबवणारा.

आबासाहेब घाबरले. अंमलदाराविरुद्ध छापायचं म्हणजे पेपर गेला.

"विरुद्ध नाही," मी म्हणालो. "निवड म्हणून छापू. जे आहे तेच लिहू. विशेषण एकही नाही."

हे त्यांना पटलं. जरा जास्तच पटलं. मी लेख लिहिला. किती गावं, कशी पेवं, सील कसं लागलं, कौसाबाई काय म्हणाली, सगळं सरळ. सुरुवातीलाच निवडीचा अर्थ दिला होता, की प्रभाव वाईटही असू शकतो. आबासाहेबांनी सोलापूरला जाऊन प्रूफ पाहताना तो परिच्छेद उचलला आणि लेखाच्या शेवटी, बारीक टाइपात टाकला. "सुरुवात शुभ असावी," ते म्हणाले. मथळा त्यांनी स्वतः दिला, पानभर: "वर्षातील सर्वांत प्रभावी व्यक्ती." खाली विठ्ठलरावांचा फोटो. तो फोटो मीच त्यांच्याकडून आणला होता. लेख तुमच्यावर आहे, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी चहा पाजला आणि हैदराबादच्या स्टुडिओतली तसबीर काढून दिली. खुर्चीवर हात, शेरवानीची सगळी बटणं लावलेली. फोटोचा छपाईचा ब्लॉक फार सुरेख उठला. आमच्या पेपरात तेवढं चांगलं चित्र तोवर कधी छापलं गेलं नव्हतं.

अंक नाक्यावरून सुखरूप आला. तिथल्या शिपायानं म्हणे फोटोला सलाम केला.

मी वाट पाहत होतो की आता नोटीस येईल. आलं ते आमंत्रण. ईटला विठ्ठलराव गिरदावर साहेबांचा जाहीर सत्कार, अध्यक्ष तहसीलदार साहेब, "आपल्या साप्ताहिकाच्या प्रतिनिधींची उपस्थिती प्रार्थनीय." आबासाहेब खूश. "बघा, साप्ताहिकाची दखल घेतली." मी जात नाही म्हणालो. त्यांनी मोटारीचं तिकीट हातात दिलं.

ईटच्या चावडीपुढं मांडव होता. लोकांना निरोप देऊन गोळा केलं होतं, बंद पेवांच्या मालकांना पुढं बसवलं होतं. त्यांच्याच हातांनी हार घातले गेले. मास्तरांनी अंक उंच धरून मथळा वाचला, फोटो चारी बाजूंना दाखवला, आणि अंक घडी करून ठेवला. मजकुराला कुणी हात लावला नाही.

मांडवामागं कौसाबाईनं मला गाठलं.

"तुमी तर त्याला देव केला," ती हळू आवाजात म्हणाली. रागावलेली नव्हती. ते जास्त लागलं.

"बाई, आत वाचा. तुमचं बोलणं जसंच्या तसं छापलंय."

"आमाला वाचता येतंय व्हय?"

ज्याला येत होतं त्यानंही कुठं वाचलं होतं?

मग मला व्यासपीठावर बसवलं, तहसीलदारांच्या शेजारी. ते हैदराबादकडचे, उर्दू जाणणारे. मराठी बोललेलं थोडं कळायचं, वाचता येत नव्हतं. भाषणं चालू असताना ते माझ्याकडं झुकले आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"क्या लिखे हैं ये?"

"साल का सबसे असरदार आदमी," मी म्हणालो.

"पूरे जिले में?"

"जी."

त्यांनी एकदा हार घातलेल्या विठ्ठलरावांकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग पुन्हा मांडवाकडं. "इनकू तहसील में मैं लाया," ते म्हणाले. "तो फिर मैं कौन हूं?"

मी त्यांना सांगू लागलो, की इथं असर म्हणजे काय, पेवांचं काय झालंय, बियाणं कसं अडकलंय. त्यांनी हात वर केला. त्यांना व्याख्या नको होती. त्यांनी फक्त एक विचारलं, "सील इनोंने लगाया? मेरे कू पूछे बगैर?"

"ते मला माहीत नाही, साहेब. पण गावात सगळे म्हणतात, यांच्याशिवाय सील कुणी काढू शकत नाही."

हे वाक्य मी मुद्दाम म्हणालो. सगळ्या प्रकरणात माझं एवढंच काय ते लेखन वरपर्यंत पोचलं.

अध्यक्षीय भाषण फार थोडकं झालं. सत्कार संपताच तहसीलदार चावडीवरून सरळ पेवांकडं चालत गेले. पाटलांना बोलावलं, आणि ज्यांनी आपली लेव्ही घातली होती त्यांची सीलं स्वतःसमोर फोडायला लावली. विठ्ठलराव गळ्यात हार तसाच ठेवून मागं उभे होते. दिवाळीआधी त्यांची बदली झाली. ज्यांची लेव्ही बाकी होती त्यांची पेवं मात्र बंदच राहिली.

हस्त निघून गेलं होतं. कौसाबाईनं पुढच्या, चित्रा नक्षत्रात पेरलं. उशिराची ज्वारी, कणसं लहान आली असं पुढं कळलं. पण आली.

आबासाहेबांनी पुढच्या अंकात चौकट टाकली: "आमच्या लेखाचा परिणाम." मी म्हणालो, "तहसीलदारांना मराठी वाचता येत नाही." ते म्हणाले, "मग काय झालं, परिणाम झाला ना?" लगेच पुढच्या वर्षाच्या निवडीसाठी बसप्पा शेठांचा फोटो मागवायला सांगितलं.

पुढं मी बऱ्याच पेपरांत काम केलं. वर्षाचा माणूस निवडायची टूम निघाली की मी एकच अट घालायचो. निवडीचा अर्थ मथळ्यातच द्या, खाली नको. ती अट कुणीच मानली नाही, कारण मथळा लांब होतो. माझा अनुभव एवढाच, की अशी निवड छापली की ज्याला निवडलं तो हार घालून घेतो, ज्याला वगळलं तो कामाला लागतो, आणि लेख फक्त प्रूफ तपासणारा वाचतो.